लॉक लागलं की आवाज बंद: स्क्रिप्टच्या नोंदी

६ जून

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, नंतर फाटे फुटतात. स्क्रीन लॉक झाली की मशीनचा आवाज बंद व्हावा आणि पासवर्ड टाकून आत आलं की आधी जसा होता तसाच परत यावा, बस एवढंच. लिनक्स, पडद्यावर खिडक्या दाखवणारा एक्सऑर्ग (थोडक्यात एक्स), त्या खिडक्या मांडणारा आयथ्री विंडो मॅनेजर, लॉकसाठी आयथ्रीलॉक आणि आवाजासाठी पाइपवायर. पाइपवायर असलं तरी आवाज हाताळणारी जुनी पीएसीटीएल कमांड चालते कारण पाइपवायर-पल्स नावाची सर्व्हिस पल्सऑडिओचं, म्हणजे जुन्या आवाज-सर्व्हरचं, सोंग घेऊन बसलेली असते, पीएसीटीएल इन्फो मारलं की सर्व्हरच्या नावात 'पल्सऑडिओ ऑन पाइपवायर' असं सरळ लिहूनच येतं.

स्क्रिप्ट जुन्या डॉटफाइल्समधून (सेटिंगच्या फाइलींमधून) आलेली आहे. मुख्य काम तीन ओळींचं: म्यूट कर, आयथ्रीलॉक चालव, म्यूट काढ. तक्रारी मात्र भरपूर. लॉक लागल्या लागल्या आवाज परत सुरू होतो, कधीकधी लॉकच लागत नाही, आणि क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप, चालवली तर काहीच होत नाही, एररसुद्धा दिसत नाही.

डीबग करायची सोय आधी केली, कारण लॉक लागलं की टर्मिनलच झाकलं जातं, मग बघणार काय. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करून (नेटवर्कवरून लॉगिन करून) बसलो, स्क्रिप्टला सेट मायनस एक्स लावलं (चालणारी प्रत्येक ओळ छापतं), त्याचं आउटपुट फाइलमध्ये वळवलं आणि प्रत्येक ओळीच्या आधी छापल्या जाणाऱ्या पीएसफोर व्हेरिएबलमध्ये वेळ टाकली, म्हणजे कुठली ओळ कधी चालली ते सेकंदासकट दिसतं. एसएसएचवरून आयथ्रीलॉकची प्रोसेस मारली की स्क्रीन उघडते, पासवर्ड वगैरे काही लागत नाही. टेस्टिंगला सोयीचं आहे पण विचार केला तर भीतीदायक आहे, एक्सऑर्गवर लॉकर म्हणजे एक साधा क्लायंट प्रोग्रॅम, तो गेला की दार उघडं. आणि हो, आयथ्रीलॉक व्हर्च्युअल कन्सोल (कीबोर्डवरून उघडणारी वेगळी टेक्स्ट लॉगिनची स्क्रीन) अडवत नाही, तेव्हा कंट्रोल-ऑल्ट-एफथ्रीवर लॉगिन करून कोणी तसंच सोडून गेलं तर पुढच्या लॉकला काही अर्थ नाही. त्यासाठी एक्सऑर्गच्या कॉन्फिगमध्ये डोंटव्हीटीस्विच नावाचा ऑप्शन आहे.

पहिल्या तक्रारीचं उत्तर लॉगमध्येच दिसलं. आयथ्रीलॉक आणि त्याच्या पुढची म्यूट काढायची ओळ, दोन्ही एकाच सेकंदाला. आयथ्रीलॉक डिफॉल्टने फोर्क होतो, म्हणजे लॉक स्क्रीनवर आलं की मूळ प्रोसेस संपते आणि खरा लॉकर मागे चालू राहतो, स्क्रिप्टला वाटतं काम झालं आणि ती पुढे जाते. मायनस एन दिलं की फोर्क होत नाही, अनलॉक होईपर्यंत कमांड थांबून राहते. बदललं, चाललं.

७ जून

इथे चाललं, दुसऱ्या मशीनवर नाही. तीच स्क्रिप्ट, मायनस एनसकट, आणि तरी लॉक लागताच आवाज परत. इकडे फेडोरा, तिकडे डेबियन, लिनक्सचे दोन वेगळे प्रकार.

ही गंमत नीट लिहून ठेवण्यासारखी आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बिन-एसएच आहे, बॅश नाही (ही ओळ फाइल कुठल्या शेलने, म्हणजे कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, चालवायची ते सांगते). फेडोरावर एसएच म्हणजे बॅशच, पण डेबियनवर स्क्वीझ आवृत्तीपासून म्हणजे २०११ पासून एसएच म्हणजे डॅश हा वेगळा, छोटा शेल, उबंटूवर तर ६.१० पासून, २००६ सालापासून. आणि आयथ्रीलॉकच्या ओळीच्या शेवटी आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, टाकण्यासाठी अँपरसँड आणि त्याला चिकटून ग्रेटर-दॅन असं लिहिलेलं आहे. बॅशला त्याचा अर्थ कळतो: आउटपुट आणि एरर दोन्ही तिकडे पाठव. डॅशला ही जोडी माहीतच नाही, तो अँपरसँड वेगळा वाचतो, म्हणजे आयथ्रीलॉक बॅकग्राउंडला टाक, आणि उरलेला ग्रेटर-दॅन एक रिकामी कमांड म्हणून चालवतो, जी आनंदाने यशस्वी होते. सिंटॅक्स एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. मायनस एन बिचारा आपलं काम करतोय, पण बॅकग्राउंडमध्ये.

त्याच फाइलमध्ये आवाज आधीच म्यूट आहे का ते बघणारी एक इफची अट आहे, दुहेरी चौकटी कंसातली. डॅशला तेही माहीत नाही, तो त्या कंसाला कमांड समजतो, ती सापडत नाही, एग्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) १२७ येतो, आणि इफच्या दृष्टीने शून्य सोडून काहीही आलं की अट खोटी. म्हणजे स्क्रिप्ट मरत नाही, चुकीच्या फांदीने पुढे जाते. 'नॉट फाउंड' अशी एरर येते खरी, पण शॉर्टकटवरून चालवल्यावर ती बघायला कोण बसलंय.

पहिली ओळ बदलून बॅश केली. स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं शेलचेक चालवलं, त्याने या दोन्ही गोष्टी पहिल्याच फटक्यात दाखवल्या, की एसएचमध्ये हे चालणार नाही म्हणून. यापुढे शेलचेक स्वच्छ आल्याशिवाय फाइल जागेवर ठेवायची नाही.

१० जून

क्रॉन. दर मिनिटाला एक छोटी स्क्रिप्ट एक्सप्रिंटआयडल विचारते, किती मिलिसेकंद कोणी हात लावला नाही, आणि पाच मिनिटांच्या वर गेलं की लॉकची स्क्रिप्ट बोलावते. एक्सप्रिंटआयडलला कुठली स्क्रीन ते सांगणारा डिस्प्ले व्हेरिएबल लागतो, पीएसीटीएलला एक्सडीजी-रनटाइम-डिर लागतो कारण आवाजाचं सॉकेट (सर्व्हरशी बोलायचं दार) त्या फोल्डरात असतं, आणि क्रॉनच्या एन्व्हायरनमेंटमध्ये दोन्ही नसतात. टर्मिनलवरून चालवलं की सगळं आपल्या शेलमधून आयतं मिळतं म्हणून तिथे कधी कळत नाही. पुन्हा करून बघायला एन्व्ह मायनस आय लावून, म्हणजे रिकाम्या एन्व्हायरनमेंटमध्ये, चालवलं, लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड'.

हे व्हेरिएबल क्रॉनटॅबमध्ये हाताने लिहिता येतात, पण डिस्प्ले नंबर आणि युझर आयडी असं दगडावर कोरून ठेवणं मला पटत नाही. आणि एक्सप्रिंटआयडल फक्त कीबोर्ड-माउस बघतं, सिनेमा बघताना पाच मिनिटं हात लावला नाही की लॉक. क्रॉन काढून टाकतोय, पर्याय उद्या-परवा.

१२ जून

आज ती खरी डोकेदुखी सापडली, कधीकधी लॉकच न लागण्याची.

स्क्रिप्टमध्ये वर सेट मायनस ई आहे, कुठलीही कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. आणि म्यूटची ओळ लॉकच्या आधी आहे. आणि त्या म्यूटच्या ओळीत सिंकचा (आवाज जिथून बाहेर पडतो त्या साधनाचा) नंबर हाताने टाकलेला आहे. तर होतं काय, पाइपवायर रीस्टार्ट झालं किंवा मॉनिटर काढून लावला की सिंकचे नंबर बदलतात, पीएसीटीएल म्हणते 'नो सच एंटिटी', एग्झिट कोड १, सेट मायनस ई स्क्रिप्ट बंद करते, आणि लॉकच्या ओळीपर्यंत कोणी पोचतच नाही. माणूस शॉर्टकट दाबून उठून गेलेला असतो. स्क्रीन सताड उघडी, स्पीकर चालू.

नंबराच्या जागी डिफॉल्ट-सिंक हे टोपणनाव टाकलं की एवढी केस सुटते, पण मला तेवढ्यावर थांबायचं नाहीये. आवाजाच्या भानगडीमुळे लॉक अडतं ही रचनाच उलटी आहे. लॉक म्हणजे सुरक्षा, म्यूट म्हणजे सोय. सोयीचं काही बिघडलं तर फार तर गाणं वाजत राहील, पण त्याच्यापायी दार उघडं राहता कामा नये. आता प्रत्येक बदलाला हाच प्रश्न लावायचा: आवाजाची बाजू पूर्ण मेली तरी लॉक लागतं का? आणि फक्त मेली नाही, अडकली तरी? पीएसीटीएल सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत लटकू शकते, तिथे एग्झिट कोडच येत नाही. तूर्तास टाइमआउट २ लावलं, दोन सेकंदांत उत्तर नाही तर १२४ घेऊन बाहेर.

अजून एक लॉक न लागायचं कारण, याचा आवाजाशी संबंध नाही. एखादा मेनू उघडा असेल तर त्या मेनूने कीबोर्ड आणि पॉइंटर पकडून ठेवलेला असतो, आयथ्रीलॉकला तो मिळत नाही, थोडा वेळ झटापट करतो आणि 'पकडता येत नाही' म्हणून बाहेर पडतो. याला एक्सऑर्गवर खरा इलाज नाही. निदान एग्झिट कोड बघून नोटिफिकेशन तरी टाकायचं, लाल रंगात.

१५ जून

रचना बदलली. आता लॉकची विनंती कुठूनही येवो, जाते एकाच दारातून: एक्सएसएस-लॉक. हा छोटा प्रोग्रॅम सेशनबरोबर सुरू होतो आणि कान लावून बसतो. लॉगिनसीटीएल लॉक-सेशन मारलं की सिस्टिमडी-लॉगिनडी (लॉगिन सेशन सांभाळणारी सर्व्हिस) त्या सेशनला डीबसवरून, म्हणजे प्रोग्रॅमच्या आपसातल्या निरोपांच्या वाटेवरून, लॉकचा सिग्नल पाठवतं, तो ऐकला की एक्सएसएस-लॉक आपली स्क्रिप्ट चालवतो. एक्सचा स्क्रीनसेव्हर टायमर भरला की तेच, त्यासाठी एक्ससेट एस ३०० एवढं पुरतं. मशीन झोपायला निघालं की तेच. शॉर्टकटवर आता फक्त लॉगिनसीटीएलची कमांड आहे. सिनेमाचा प्रश्नही जाता जाता सुटला, कारण एमपीव्हीसारखे प्लेअर चालू असताना स्क्रीनसेव्हर स्वतःच रोखून धरतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. लॉगिनसीटीएल स्वतः काही लॉक करत नाही, फक्त हाक मारतं, ऐकणारा कोणी नसेल तरी ते शून्य एग्झिट कोड देऊन मोकळं होतं, तेव्हा त्याच्या यशावर विश्वास ठेवायचा नाही. आणि एसएसएचवरून टेस्ट करताना सेशन आयडी द्यावा लागतो, नाहीतर ते एसएसएचच्याच सेशनला लॉक व्हायला सांगतं आणि आपण बघत बसतो की स्क्रीन का हलत नाही.

१६ जून

लॅपटॉपचं झाकण उघडल्यावर क्षणभर डेस्कटॉप दिसतो, मग लॉक येतं. तेवढ्यात उघडी मेल वाचून होते.

कारण असं की मशीन झोपायला निघालं आणि लॉकर अजून आपली खिडकी स्क्रीनवर आणतोय, तोवर झोप लागली, उठल्यावर उरलेलं काम. लॉगिनडीकडे यासाठी सोय आहे, कोणीही प्रोग्रॅम 'थांब जरा' असा डिले लॉक घेऊ शकतो, डिफॉल्टने जास्तीत जास्त ५ सेकंद, मग लॉगिनडी कोणाची वाट बघत नाही. एक्सएसएस-लॉकला ट्रान्सफर-स्लीप-लॉक ऑप्शन दिला की तो हा डिले लॉक एका फाइल डिस्क्रिप्टरच्या (उघड्या फाइलला मिळालेल्या नंबराच्या) रूपाने आपल्या स्क्रिप्टच्या हातात देतो. स्क्रिप्टने स्क्रीन खरंच लॉक झाल्यावर तो बंद करायचा, की मशीन झोपतं.

आता गंमत बघा, मायनस एन दिलं तर स्क्रिप्टला कळणारच नाही की लॉक कधी लागलं, ती कमांड अनलॉकपर्यंत परतच येत नाही. आणि फोर्कवाला आयथ्रीलॉक बरोबर तेव्हाच परत येतो जेव्हा खिडकी स्क्रीनवर आलेली असते. म्हणजे ६ तारखेला ज्याला हाकललं तोच इथे पाहिजे. तर झोपेच्या वाटेवर असलो तर फोर्क होऊ द्यायचा, डिस्क्रिप्टर बंद करायचा, आणि मग लॉकरची प्रोसेस जिवंत आहे तोवर अर्ध्या अर्ध्या सेकंदाने बघत राहायचं. साध्या लॉकला मायनस एन. दोन्ही फांद्या स्क्रिप्टमध्ये वेगळ्या.

एक बारीक खाच: हा डिस्क्रिप्टर पोरांना, म्हणजे स्क्रिप्टने सुरू केलेल्या प्रोसेसना, वारशाने मिळतो. आयथ्रीलॉक चालवतानाच त्याच्यापुरता तो बंद केला नाही, तर स्क्रिप्टने आपला बंद केला तरी लॉकरकडची प्रत उघडीच राहते, आणि मशीन पूर्ण ५ सेकंद ताटकळून मग झोपतं. (नंतर जोडलेली ओळ: हे वाक्य लक्षात ठेवायला हवं होतं, पुढे २६ तारखेला याचंच भावंड भेटलं.)

२१ जून

आवाज 'आधी जसा होता तसा' आणायचा म्हणजे आधी कसा होता ते लिहून ठेवावं लागतं. जुनी स्क्रिप्ट सरळ म्यूट काढायची. मुद्दाम म्यूट करून बसलेल्या माणसाने लॉक-अनलॉक केलं की स्पीकर सुरू, मीटिंगमध्ये हे झालं तर बघायलाच नको.

आता लॉकच्या वेळी सगळे सिंक एकेक करून बघतो आणि नाव व म्यूट स्थिती अशी ओळ फाइलमध्ये लिहितो. नाव म्हणजे अल्सा-आउटपुटने सुरू होणारं ते लांबलचक, नंबर नाही. सगळे अशासाठी की ब्लूटूथ हेडफोनची बॅटरी संपली की डिफॉल्ट सिंक उडी मारून स्पीकरवर येतं, आणि फक्त हेडफोनच म्यूट केलेले असतील तर गाणं खोलीभर. स्थिती विचारायला पीएसीटीएल गेट-सिंक-म्यूट आहे, पल्सऑडिओ १५ पासून म्हणजे २०२१ पासून, त्याच्या आधी सगळी यादी मागवून त्यातून ओळ शोधावी लागायची. उत्तर इंग्रजीतच मिळावं म्हणून एलसी-ऑल सी लावायला विसरू नये, नाहीतर सिस्टिमची भाषा बदलली की उत्तराचे शब्दही बदलतात आणि शब्द शोधणारा आपला ग्रेप उपाशी.

फाइल आधीपासून असेल तर तिच्यावर लिहायचं नाही, हे महत्त्वाचं. कुठल्याही कारणाने लॉक असताना स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालली तर तेव्हा सगळं म्यूटच असतं, तेच 'मूळ' म्हणून लिहिलं जातं, आणि अनलॉक झाल्यावर आवाज कायमचा गप्प.

मायक्रोफोनही म्यूट करतोय, पण तो अनलॉकला आपोआप सुरू करणार नाही. माणसाने स्वतः बटण दाबावं. कोणी सोयीचं नाही म्हणालं तरी चालेल.

२२ जून

वायरवाला हेडफोन लावून लॉक केलं, हेडफोन उपसला, स्पीकर सुरू. सिंक तेच, नाव तेच, आणि ते म्यूट केलेलं होतं.

पाइपवायरमध्ये, आणि तसं पल्सऑडिओमध्येही, आवाजाची पातळी आणि म्यूट पोर्टप्रमाणे लक्षात ठेवलं जातं. हेडफोनचं पोर्ट वेगळं, स्पीकरचं वेगळं, सिंक एक. आपण म्यूट केलं ते हेडफोनचं, उपसल्यावर स्पीकरचं शेवटचं आठवलं गेलं, ते चालू होतं. म्हणजे एकदा म्यूट करून भागत नाही, लॉक आहे तोवर पहारा ठेवावा लागतो.

पीएसीटीएल सबस्क्राइब लावलं, ते प्रत्येक घडामोडीची एक ओळ छापतं, ती पाइपमधून व्हाइल-रीडमध्ये (एकेक ओळ वाचणाऱ्या लूपमध्ये), सिंकची घडामोड दिसली की परत म्यूट, आणि हा सगळा पाइप बॅकग्राउंडला. ओळ ओळखताना 'सिंक' एवढंच शोधलं तर 'सिंक-इनपुट'पण सापडतं आणि प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला उगाच पळापळ होते, म्हणून सिंकच्या पुढचं हॅशचं चिन्हही पॅटर्नमध्ये घेतलं. म्यूट करण्याआधी म्यूट आहे का ते बघायचं, नाहीतर आपलीच घडामोड आपल्यालाच परत ऐकू येते आणि चक्र सुरू.

एक बाकी राहिलंय: अनलॉकच्या वेळी जे पोर्ट चालू असेल त्याचंच म्यूट निघतं, दुसरं म्यूटच राहतं. हेडफोन परत लावल्यावर एकदा बटण दाबावं लागेल. मला चालतंय.

२६ जून

विचित्र प्रकार. लॉक लागतं, अनलॉक होतं, आणि पुढच्या वेळी लॉक लागत नाही. दर वेळी नाही. खूप वेळ काही सूत्र सापडेना, मग लक्षात आलं की गाणी चालू असली की सगळं ठीक आणि मशीन शांत असलं की लॉक नाही. आवाजामुळे लॉक अडायचं नाही असं १२ तारखेला ठरवलं आणि तेच मागच्या दाराने घरात.

स्क्रिप्टच्या वरच एक एफलॉक आहे, दोन प्रती एकदम चालू नयेत म्हणून: ९ नंबरच्या डिस्क्रिप्टरवर एक फाइल उघडायची, तिच्यावर कुलूप घ्यायचं, मिळालं नाही तर गुपचूप बाहेर. लॉक न लागलेल्या वेळी सेट मायनस एक्सचा लॉग बरोबर तिथेच संपत होता. स्क्रिप्टची दुसरी प्रत कुठे दिसत नव्हती, मग कुलूप कोणी धरलंय? फाइल कोणी उघडी ठेवलीय ते सांगणारं फ्यूजर लावलं त्या फाइलवर. उत्तर आलं पीएसीटीएल.

पहारेकऱ्याच्या पाइपमध्ये दोन प्रोसेस आहेत, डावीकडे पीएसीटीएल सबस्क्राइब आणि उजवीकडे व्हाइल. बॅकग्राउंडला टाकल्यावर डॉलर-उद्गारचिन्हातून जो पीआयडी (प्रोसेसचा नंबर) मिळतो तो पाइपमधल्या शेवटच्या प्रोसेसचा, म्हणजे व्हाइलचा. अनलॉकनंतर स्क्रिप्ट त्यालाच मारते. डावीकडच्या पीएसीटीएलला याचा पत्ता नाही, ती पुढची घडामोड होईपर्यंत वाट बघत बसते, घडामोड झाली की फुटक्या पाइपमध्ये लिहायला जाते आणि मरते. गाणी चालू असली की घडामोडी लगेच होतात म्हणून ती लगेच मरते. शांतता असली की तासनतास जिवंत. आणि स्क्रिप्टकडून वारशाने मिळालेला ९ नंबर तिच्या हातात असल्यामुळे कुलूप तिच्याकडे, कारण एफलॉकचं कुलूप प्रोसेसचं नसतं, त्या उघडलेल्या फाइलचं असतं, शेवटची प्रत बंद होईपर्यंत सुटत नाही. प्रॉक फोल्डरात तिच्या एफडीमध्ये (उघड्या डिस्क्रिप्टरच्या यादीत) बघितलं, ९ तिथेच, आपल्या लॉकफाइलकडे बोट दाखवत.

तात्पुरता इलाज असा की पाइप काढून प्रोसेस सबस्टिट्यूशन (कमांडचं आउटपुट फाइलसारखं वाचायची बॅशची सोय) केलं, त्यात एक्झेक पीएसीटीएल, बॅश ४.४ पासून त्याचा पीआयडी डॉलर-उद्गारचिन्हात मिळतो, आणि सुरू करतानाच तिच्यासाठी ९ बंद. पण मूळ मुद्दा वेगळा आहे. कुलूप संपूर्ण स्क्रिप्टवर का आहे? दुसरी प्रत नको हे फक्त आवाजाच्या हिशोबासाठी हवंय, स्क्रीन दोनदा लॉक व्हायला निघाली तर कोणाचं काही बिघडत नाही.

२९ जून

दोन्ही कामं वेगळी केली, एका फाइलमध्ये राहूच द्यायची नाहीत.

आवाजाची बाजू आता सिस्टिमडीची, म्हणजे मशीनवरच्या सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, युझर सर्व्हिस आहे. सुरू झाली की स्थिती लिहिते, म्यूट करते, पहाऱ्याला बसते. थांबल्यानंतर काय चालवायचं त्या एक्झेकस्टॉपपोस्टमध्ये परत पहिल्यासारखं करायची स्क्रिप्ट आहे, ती सर्व्हिस नीट थांबली तरी चालते आणि मधेच मेली तरी चालते. सर्व्हिस थांबवली की तिच्या सीग्रुपमधलं (तिच्या प्रोसेसच्या गटातलं) सगळं मरतं, पीआयडीच्या मागे धावायचं कारण नाही. एकच प्रत चालणार हेही सिस्टिमडीच बघतं, एफलॉक गेला. एक्सडीजी-रनटाइम-डिर युझर मॅनेजरकडे असतोच.

लॉकची स्क्रिप्ट आता इतकी छोटी आहे की वाचायला लाज वाटते. सर्व्हिस सुरू कर, नो-ब्लॉक ऑप्शनने, म्हणजे फक्त निरोप ठेवून पुढे. मग आयथ्रीलॉक. आयथ्रीलॉक शून्य देऊन परत आला तर सर्व्हिस थांबव, नाहीतर नोटिफिकेशन. सेट मायनस ई काढलं. झोपेच्या वाटेची फांदी आहे तशी.

टेस्ट म्हणून पाइपवायर आणि पाइपवायर-पल्स दोन्ही थांबवून, सॉकेटसकट, लॉक केलं. लागलं. मग पीएसीटीएलच्या जागी हजार सेकंद झोपणारी नकली स्क्रिप्ट ठेवून लॉक केलं. लागलं, तेही लगेच. लॉकची स्क्रिप्ट मायनस नाइनने, म्हणजे जबरदस्तीने, मारली, तर सर्व्हिस चालू राहिली आणि आवाज बंद राहिला. हे असंच हवं, शंका असेल तेव्हा गप्प राहिलेलं बरं.

३ जुलै

लॉक असताना बॅटरी संपली. सुरू केल्यावर आवाज नाही, आणि स्थितीची फाइलही नाही.

फाइल रनटाइम फोल्डरात होती, तो मेमरीत असतो, बंद झाल्यावर गेला. म्यूट मात्र पाइपवायरच्या जोडीला चालणाऱ्या वायरप्लंबरने डिस्कवर लिहून ठेवलेलं असतं आणि पुढच्या वेळी इमानदारीने परत आणतं. फाइल आता होमच्या लोकल-स्टेट फोल्डरात, आणि लॉगिनच्या वेळी ती सापडली तर तीच परत-करायची स्क्रिप्ट एकदा चालते. रीबूट ओलांडायचं म्हणून सिंकचं नाव लिहायचा निर्णय इथेही कामाला आला.

११ जुलै

म्यूट केलेलं पॉडकास्ट पुढे जात राहतं, परत आल्यावर कुठवर ऐकलं होतं ते शोधत बसा. सर्व्हिसमध्ये सुरुवातीला प्लेअरसीटीएलने वाजत असलेले प्लेअर पॉझ केले. अनलॉकला ते आपोआप सुरू करत नाही, तो निर्णय मायक्रोफोनच्या चालीवर.

डेबियनच्या मशीनवर आयथ्रीच्या जागी स्वे बसवलं, म्हणजे एक्सऑर्गच्या जागी वेलँड. एक्सएसएस-लॉकच्या जागी स्वेआयडल, आयथ्रीलॉकच्या जागी स्वेलॉक. इथे सवय उलटी आहे, स्वेलॉक स्वतःहून फोर्क होत नाही, पाहिजे असेल तर मायनस एफ द्यायचा, त्यामुळे लॉकच्या स्क्रिप्टमधल्या दोन्ही फांद्यांचे ऑप्शन अदलाबदल झाले. लॉकर मारून बघितला: नव्या सेशन-लॉक प्रोटोकॉलमुळे स्क्रीन उघडत नाही, कंपोझिटर (इथे स्वे) लॉकच ठेवतो, आत जायला नवा लॉकर सुरू करावा लागतो. म्हणजे टेस्टिंगची माझी एसएसएचवाली पळवाट गेली, आणि चांगलंच झालं.

आवाजाची सर्व्हिस तिकडे जशीच्या तशी कॉपी केली, एक अक्षर बदललं नाही. सबस्क्राइबच्या ओळी, सिंकची नावं, परत करणं, सगळं तेच. एचडीएमआय मॉनिटर लॉक असताना जोडला तर नवं सिंक पहाऱ्यात म्यूट होतं पण स्थितीच्या फाइलमध्ये त्याची ओळ नसते, म्हणून अनलॉकनंतर ते म्यूटच राहतं. 'नवं' अशी घडामोड आली की म्यूट करायच्या आधी ओळ जोडायची, एवढा बदल बाकी आहे.